मेम्फिसचा लेओंस

लेओंस व्हिगूरूच्या जेवणघरात, कपबश्यांच्या कपाटाच्या वर, एक खिळा होता. तो ओनोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, अकरा वर्षांपूर्वी स्वतः ठोकला होता. त्यावर एका रेकॉर्डचं कव्हर चौकटीत घालून टांगायचं होतं, आणि त्या कव्हरावर लेओंसचं नाव छापलेलं असणार होतं. असं कव्हर अजून निघालं नव्हतं एवढीच अडचण होती. तोवर खिळा रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून दर डिसेंबरात पोस्टमन आणून देई ते कॅलेंडर तिथे लटके. अकरा वर्षांत मांजराची पिल्लं पाच वेळा आली, आल्प्स चार वेळा आणि घोडे दोनदा. लेओंस एकदाही आला नाही.

वास्तविक लेओंसने दोनशे चौदा रेकॉर्डवर एकॉर्डियन वाजवलं होतं. पॅरिसमध्ये ज्याला गळा होता आणि ज्याला नव्हता, त्या दोघांच्याही मागे तो वाजवून आला होता. पण कव्हरावर गाणाऱ्याचं नाव मोठं, गीतकाराचं बारीक आणि खाली 'अमुक तमुक आणि त्यांचा वाद्यवृंद', अशी रीत होती. लेओंसचा सगळा संसार त्या 'आणि'च्या पलीकडे झाला. गल्लीतल्या पाववालीची वर्षानुवर्षं समजूत होती की हा गृहस्थ रात्रपाळीचा पहारेकरी असावा, कारण तो सकाळी दहाला पाव न्यायला येई आणि चेहऱ्यावर कसलंही कर्तृत्व दिसत नसे.

आता तो सत्तावन्न वर्षांचा होता. उजव्या हाताची दोन बोटं सकाळी बाकीच्या आठांपेक्षा तासभर उशिरा जागी होत. हा हिवाळा शेवटचा, असं त्याने ओनोरीनला सांगून टाकलं होतं. खिळ्याकडे बघून तिने सूप वाढलं.

खिळ्याकडे बघणारा आणखी एक माणूस होता. ओनोरीनचा धाकटा भाऊ आशील. आशील सव्वीस वर्षं पोस्टात पत्रं निवडण्याच्या कामावर होता. पत्र हातात आलं की पत्ता वाचायचा आणि ते बरोबर खणात टाकायचं. टाकलेलं पत्र त्याने परत काढलं, असं सव्वीस वर्षांत घडलं नव्हतं. लग्न त्याने केलं नाही. त्याऐवजी चारशे बारा अमेरिकन रेकॉर्ड जमवल्या आणि त्या गावांप्रमाणे लावल्या. शिकागो, न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, सेंट लुई. प्रत्येक गावापुढे पुठ्ठ्याचं एक कार्ड, त्यावर पोस्टातल्या ठसठशीत अक्षरात गावाचं नाव. अमेरिकेला तो कधी गेला नव्हता. पत्रं निवडणाऱ्याला गावोगाव हिंडावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला येई आणि जेवणाच्या शेवटी चीज येईपर्यंत मेव्हण्याच्या वाद्याबद्दल बोले.

"गॅलिसचे पट्टे लावलेला पियानो," तो म्हणे. "लग्नाबिग्नात ठीक आहे रे लेओंस. मी नाही कुठे म्हणतोय. पण त्यात दुःख नाही."

"तू मसूर घे," लेओंस म्हणे.

*

त्या वर्षी, म्हणजे चौसष्ट साली, शरदात 'अर्धा महासागर' नावाच्या रेकॉर्डची तयारी सुरू झाली. कंपनीच्या कास्तान्ये नावाच्या गृहस्थाची ती कल्पना. गायिका बावीस वर्षांची होती. रूबेच्या सूतगिरणीवाल्या घरातली गिस्लेन प्रुव्हो, जिचं नाव कंपनीने जेसी लेन असं ठेवलं होतं. पहिल्या बाजूवर आपली फ्रेंच गाणी: जिने, पाऊस, परत न आलेला प्रियकर, परत आलेला प्रियकर. दुसऱ्या बाजूवर अमेरिका: लांब रस्ते, मालगाड्या आणि परत न आलेला प्रियकर, पण या वेळी घोड्यावरून गेलेला. लेओंसला पहिल्या बाजूच्या दोन गाण्यांसाठी बोलावलं होतं.

दुसऱ्या बाजूसाठी कास्तान्येने खरा अमेरिकन मिळवला. एव्ह्रूच्या अमेरिकन हवाई दलाच्या तळावर वेंडेल ओक्स नावाचा एक सार्जंट होता. तो मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती रडवी गिटार वाजवत असे. कास्तान्येने त्याला सभ्य पत्र लिहिलं: गुरुवारी बारा वाजता या.

आता आपल्या फ्रान्सात कुणाला बारा वाजता बोलावलं, तर त्याचा अर्थ काय होतो हे मूलसुद्धा सांगेल. बारा वाजता या म्हणजे जेवायला या. काम दोनला. हे पत्रात लिहिणं म्हणजे पाहुण्याला चमचा कसा धरतात ते समजावण्यासारखं झालं असतं. तेव्हा गुरुवारी बाराला पाच मिनिटं असताना स्टुडिओला कुलूप लागलं आणि व्हायोलिनवाल्यांसकट सगळी मंडळी समोरच्या कोपऱ्यावरच्या खानावळीत जाऊन बसली. पांढऱ्या रश्श्यातलं वासराचं मटण होतं. सार्जंटसाठी एक खुर्ची राखली आणि त्याची थाळीही मागवली.

बाराच्या ठोक्याला स्टुडिओच्या दारापाशी एक उंच, गणवेशातला माणूस लांबलचक पेटी घेऊन येऊन उभा राहिला. खानावळीच्या काचेतून तो सगळ्यांना दिसत होता.

"तो शिपाई कुणाची तरी वाट बघतोय," कास्तान्ये म्हणाला.

"बाई असणार," ढोलवाला बातीस्त म्हणाला. "माणूस इतका वेळ उन्हातान्हात दुसऱ्या कशासाठी उभा राहत नाही."

"पेटीत काय असेल?"

"फुलं."

शिपायाने दार ठोठावलं, घड्याळ बघितलं, पुन्हा ठोठावलं. पावणेएकला तो पेटी उचलून स्टेशनाच्या दिशेने गेला. टेबलावर हळहळ व्यक्त झाली. ती आलीच नाही म्हणे. मग कास्तान्येने रिकाम्या खुर्चीकडे आणि गार होत चाललेल्या रश्श्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "या अमेरिकन लोकांना वेळेची कदर नाही."

अडीच वाजता कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. तोवर सार्जंटची गाडी एव्ह्रूला पोचत आली होती.

व्हायोलिनवाले पाचपर्यंतच होते. गाणी तयार होती, फक्त प्रत्येक गाण्याच्या मधोमध अमेरिकेच्या आकाराचं एक भोक होतं. लेओंसचं काम सकाळीच संपलं होतं, पण जेवणानंतर कॉफी घेतल्याशिवाय घरी जायचं नाही हा त्याचा नियम असल्यामुळे तो अजून तिथेच होता.

"मस्यू व्हिगूरू," कास्तान्ये म्हणाला, "तुम्ही काहीतरी करा. लांबलचक, उदास आणि अजिबात फ्रेंच नको."

"किती लांबलचक?"

"आठ ओळींचं."

लेओंसने वाद्य छातीशी घेतलं. आपल्या एकॉर्डियनचा जो थरथरता, नाचरा आवाज असतो, तो एका सुराला तीन रीड मिळून येतो. तीनही एकमेकांशी किंचित भांडत असतात. त्याने दोन बंद केले. उरलेला एकटा सूर कोरडा आणि पोरका वाटायला लागला. हे झालं. पण वाजवायचं काय? मालगाडी त्याला ठाऊक होती, पण ती मूलां स्टेशनवरची, आणि तिच्यात दुःखापेक्षा डुकरं जास्त असत.

मग त्याला त्याचा बाप आठवला. आंतोनें व्हिगूरू कांतालच्या डोंगरातून पॅरिसला आला तो कोळसा विकायला, जसे तिकडचे सगळेच येत. कोळशाचं पोतं पाठीवर घेऊन तो अकराव्या वॉर्डातल्या इमारतींच्या आतल्या चौकाचौकांत शिरे आणि वर खिडक्यांकडे तोंड करून आरोळी देई. आरोळी आधी सरळ वर जाई, वर जरा थांबे, आणि मग ओझ्यासकट जिना उतरणाऱ्या माणसासारखी पायरी पायरीने घसरत खाली येई. लहानगा लेओंस मागून वजनकाटा घेऊन चाले. ती आरोळी त्याने आजवर कुणापुढे वाजवली नव्हती, कारण ते संगीत नव्हतं. तो कोळसा होता.

त्याने ती वाजवली. भाता इतका हळू ओढला की सूर मध्येच वाकला.

गिस्लेन आपली ओळ घ्यायला विसरली. व्हायोलिनवाल्यांपैकी एकाने चष्मा पुसला. काचेपलीकडे कास्तान्येने डोळे मिटले होते.

"मिसिसिपी," तो म्हणाला.

तिथल्या कुणीच मिसिसिपी पाहिलेली नसल्यामुळे वाद झाला नाही. पाच वाजेपर्यंत सहा गाण्यांत कोळसा भरून झाला.

*

आठवड्याने कास्तान्येने बातमी दिली. अमेरिकन रेकॉर्डवर प्रत्येक वादकाचं नाव देतात, तेव्हा याही रेकॉर्डवर देणार. मोठ्या अक्षरात नाही, पण छापील.

लेओंसने घरी येऊन हे अगदी साध्या आवाजात सांगायचं ठरवलं होतं. ते त्याला जमलं नाही. त्याने दोनदा घसा खाकरला, आणि ओनोरीनने आधी डॉक्टरला बोलवावं का असं विचारलं. मग सगळं कळल्यावर ती गल्लीतल्या सुताराकडे गेली आणि अक्रोडाच्या लाकडाची चौकट करून घेऊन आली. नोव्हेंबर अजून संपायचा होता, तरी तिने कॅलेंडर काढून ठेवलं.

"आता तारीख बघायला पाववालीकडे जाऊ," ती म्हणाली.

कव्हर आलं. पुढे सेनवरच्या पुलावर गिस्लेन, डोक्यावर गुराख्याची टोपी, हातात सायकल. मागे नावं. ढोल: बॅट रोम. एकॉर्डियन: लेनी व्हिगर (मेम्फिस).

लेओंसने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. दुसऱ्या दिवशी तो कास्तान्येकडे गेला.

"हे कोण?"

"तुम्ही," कास्तान्ये म्हणाला. "अहो, गिस्लेनची जेसी झाली, तिच्या आईनेसुद्धा काही म्हटलं नाही. अमेरिकन बाजूवर 'व्हिगूरू' लिहिलं तर लोकांना चीजचा वास येईल. नाव काय घेऊन बसलात? बोटं तर तुमचीच आहेत."

"हो," लेओंस म्हणाला. "तीच म्हणतात आता पुरे."

ओनोरीनने कव्हर हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग कपाटात ताटांच्या मागे ठेवलं आणि कॅलेंडर परत खिळ्यावर टांगलं.

"मी या माणसाला ओळखत नाही," ती म्हणाली. "परक्या पुरुषाचं नाव जेवणघरात कशाला?"

*

रेकॉर्ड चालली. फार नाही, पण पाववालीच्या रेडिओवर यावी इतकी. एका वर्तमानपत्राने लिहिलं की लेनी व्हिगरच्या सुरात कापसाच्या शेतांवरची सगळी संध्याकाळ उतरली आहे, आणि आपले वादक हे कधी शिकणार?

जानेवारीतल्या एका रविवारी आशील काखेत ती रेकॉर्ड घेऊनच आला. कोट न काढता त्याने ती लावली आणि आरोळीपाशी बोट वर केलं.

"ऐक. ऐक लेओंस. वाईट वाटून घेऊ नकोस, पण एकॉर्डियन असं वाजवतात."

ओनोरीन मटणाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिने तोंड उघडलं, तर लेओंसने हाताने तिला गप्प राहायची खूण केली. तेहतीस वर्षांच्या ओळखीत आशील पहिल्यांदा त्याची स्तुती करत होता. ती पुरी होऊ द्यावी असं त्याला वाटलं.

"काय आवडलं नक्की?" त्याने विचारलं.

"हे वाकणं. हा सूर खाली कसा येतो बघ. इथे माणूस पिढ्यान्‌पिढ्या राबलेला आहे. पाठीवर ओझं आहे त्याच्या."

"पन्नास किलोचं," लेओंस म्हणाला.

"काय?"

"ओझं. पोतं पन्नास किलोचं असायचं. आशील, हे मी वाजवलंय."

आशीलने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. निवृत्तीजवळ आलेल्या माणसांना असं होतं, हे त्याने पोस्टातही पाहिलं होतं. लेओंस उठला, त्याने वाद्य घेतलं, दोन रीड बंद केले आणि तेच वाजवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"नक्कल चांगली आहे," आशील म्हणाला. "खरंच. मेहनत घेतलीयस. पण बाबा, त्यासाठी तिकडेच जन्मावं लागतं."

ओनोरीनने मटणाचं भांडं टेबलावर जरा जोरात ठेवलं. तिने ताटांमागून स्वतःकडची प्रत आणून कास्तान्येचं सगळं प्रकरण भावाला सांगितलं. आशीलने ते ऐकून घेतलं आणि कव्हरावर बोट ठेवलं.

"ताई, इथे मेम्फिस लिहिलंय."

ज्या पत्रावर मेम्फिस लिहिलेलं आहे ते मेम्फिसच्याच खणात जायचं, आणि तिथे ते आधीच पडलेलं होतं.

त्यानंतरचे तीन रविवार लेओंस नुसता मसूर पुढे करत राहिला. दोनशे चौदा रेकॉर्ड निनावी वाजवल्याचं त्याला कधी दुःख झालं नव्हतं. आता मात्र असं झालं होतं की ज्या एका वाजवण्याबद्दल त्याला विचारलं असतं तर तो मान वर करून 'माझं' म्हणाला असता, त्यावर दुसऱ्याचं नाव होतं, आणि तो दुसरा अस्तित्वातच नसल्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. बोटं थांबण्याआधी निदान या एका माणसाने, या टेबलावर, ते मान्य करावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

*

फेब्रुवारीतल्या रविवारी बरोबर साडेबाराला दार वाजलं. बाहेर गणवेशातला उंच माणूस उभा होता. एका हातात 'अर्धा महासागर', दुसऱ्या हातात कॉफीचा डबा. हा तोच, खानावळीच्या काचेतून पाहिलेला.

"वेंडेल ओक्स," तो म्हणाला. "मला पत्ता दिला जेसी मॅडम. मी आता शिकलो. बारा वाजता म्हणजे जेवण. जेवण संपू दे, म्हणून अर्धा तास उशीर. बरोबर?"

"बरोबर," ओनोरीन म्हणाली आणि तिने पाचवी खुर्ची नव्हती म्हणून चौथीवरचं मांजर उठवलं.

सार्जंटने मसूर दोनदा घेतले. मग रेकॉर्ड पुढे केली. "माझी जागा कोण वाजवला, मला बघायचं होतं. कारण मी मेम्फिसचा. तिथं लेनी व्हिगर कुणी नाही. आणि असं तिथं कुणी वाजवत नाही."

आशीलने काटा खाली ठेवला. "माफ करा, पण मेम्फिस मोठं आहे."

"मी जन्मलो तिथं."

"असेल. तुम्ही सगळ्यांना ओळखत असाल असं नाही." आणि मग पाव खात खात त्याने मेम्फिसच्या माणसाला मेम्फिसचे तीन कालखंड समजावून सांगितले. सार्जंटने ते आदराने ऐकलं. त्यातल्या एका कालखंडात त्याचे काका वाजवत असत, पण तसं त्याने मध्ये तोडून सांगितलं नाही.

शेवटी तो लेओंसकडे वळला. "हे कोण ओरडतं यात? कुणीतरी माणूस ओरडतो. बरोबर?"

"माझा बाप," लेओंस म्हणाला.

"काय ओरडतो?"

"कोळसा."

"ओरडून दाखवणार?"

आता लेओंस हा चारचौघांत घसा खाकरायलाही लाजणारा माणूस. पण हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो उठला, त्याने चौकाकडची खिडकी उघडली. थंडी आत आली. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि वर, खिडक्यांच्या रांगांकडे तोंड करून आरोळी दिली.

"कोळसाऽऽ होऽऽ, कोळसाऽऽ"

आरोळी वर गेली, थांबली आणि पायरी पायरीने खाली आली. चौकातली कबुतरं उडाली.

मग चौथ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. मादाम गोद्रू, वय शहाऐंशी. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने घरात गॅसची शेगडी बसवली होती, आणि आंतोनें व्हिगूरूला जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. तिला यातलं एकही त्या वेळी आठवत नसावं.

"आंतोनें," तिने वरून हाक मारली. "दोन पोती. आणि मागच्या वेळी भुकटी फार होती, सांगून ठेवते."

लेओंस हात तोंडाशी धरून तसाच उभा राहिला. ओनोरीन त्याच्या शेजारी आली आणि तिने वर पाहून सांगितलं, "या वेळी मोठे खडे आणायला सांगते, मादाम."

"बरं," मादाम गोद्रू म्हणाली आणि तिने खिडकी लावली.

सार्जंट हसला नाही. त्याने रेकॉर्डच्या कव्हरावर एक बोट फिरवलं आणि हळूच ते तसंच गुणगुणलं. आशील खिडकीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो त्याच्या साहेबांनी पोस्टात कधी पाहिला नसेल. पत्र योग्य पत्त्यावर पोचलं की उत्तर येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चीज आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भुकटी फार होती म्हणे."

"बाप भिजवून विकायचा," लेओंस म्हणाला. "वजन वाढतं."

*

मार्चच्या शेवटी आशीलला सर्दी झाली म्हणून लेओंस त्याच्याकडे सुपाचा डबा घेऊन गेला. आशील शाल गुंडाळून खुर्चीत बसला होता. त्याने पाणी मागितलं, आणि पाणी आणायला जाताना लेओंस रेकॉर्डच्या फळीजवळून गेला. शिकागो, न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस. मेम्फिसमध्ये एक बोटभर फट होती. फळीच्या अगदी शेवटी, सेंट लुईच्या पलीकडे, पुठ्ठ्याचं एक नवं कार्ड होतं. त्यावर पोस्टातल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पॅरिस ११, व्हिगूरू लेओंस, तळमजला, चौकाच्या बाजूला.

कार्डामागे एकच रेकॉर्ड होती.

लेओंसने पाणी आणलं. आशील प्यायला.

"फळीवर काही हललंय का?" लेओंसने विचारलं.

"एक चुकून भलत्या खणात गेलं होतं," आशील म्हणाला. "सव्वीस वर्षांत पहिलंच. कुणाला सांगू नकोस."

घरी आल्यावर लेओंसने ओनोरीनला सगळं सांगितलं, सर्दीसकट. मग तिने अक्रोडाची चौकट काढून पुसली आणि खिळ्याकडे बघितलं.

"ते कार्ड देईल का तो? हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल मला."

"नको," लेओंस म्हणाला. "ते तिथेच बरं आहे. आणि कॅलेंडरही राहू दे. मंगळवारी ब्रास कुटुंबातल्या पोरीच्या लग्नात वाजवायचंय, ती तारीख माझ्या लक्षात राहत नाही."

"हा हिवाळा शेवटचा म्हणाला होतास."

"हिवाळा संपलाय," लेओंस म्हणाला आणि सुपाचा रिकामा डबा धुवायला घेतला.